डेस्कटॉप ॲपमध्ये स्कॅनिंग टाकताना ड्रायव्हरला घराबाहेर ठेवा

पहिलं पान स्क्रीनवर आणायला अर्धा दिवस पुरतो. कुठली तरी लायब्ररी घ्या, बटण टाका, स्कॅनर घुर्र करतो, पान येतं, डेमो एकदम भारी होतो. खरं काम सुरू होतं ते दुसऱ्या कुणाच्या टेबलावर, जिथे स्कॅनर वेगळा, ड्रायव्हर (स्कॅनर चालवणारं सॉफ्टवेअर) जुना आणि गठ्ठ्यातले दोन कागद एकमेकांना चिकटलेले.

माझ्या पहिल्या स्कॅनिंगवाल्या रिलीजला हेच झालं. टेस्टिंगला मी तीन-चार पानं टाकायचो, सगळं छान चालायचं. वापरणाऱ्याने फीडरमध्ये, म्हणजे कागद एकेक करून ओढणाऱ्या ट्रेमध्ये, चाळीस कागदांचा गठ्ठा ठेवला, दोन्ही बाजू, रंगीत, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), आणि साठाव्या बाजूच्या आसपास ॲप गायब. एरर नाही, मेसेज नाही, विंडोच गेली आणि तिच्यासोबत त्या माणसाने बसून भरलेला अख्खा फॉर्म पण गेला. हिशोब मी नंतर केला, जो आधी करायला हवा होता: ए४ पान ३०० डीपीआयला २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल, रंगीत म्हणजे पिक्सेलला ३ बाइट, म्हणजे एका बाजूला साधारण २६ एमबी. ८० बाजू म्हणजे जवळजवळ २ जीबी, आणि माझं ॲप ३२ बिटचं, ज्याला मुळात वापरायला २ जीबीच मिळतात. मी सगळी पानं बिटमॅप, म्हणजे न दाबलेली कच्ची चित्रं, म्हणून मेमरीतल्या एका लिस्टमध्ये साठवत होतो. आता हसू येतं.

पण ॲप ३२ बिटचं का होतं? कारण स्कॅनरचा ड्रायव्हर ३२ बिटचा होता. या गाइडमध्ये मी जे काही सांगणारे त्याचं मूळ इथेच आहे, की ड्रायव्हर आपल्या प्रोसेसमध्ये, म्हणजे चालू ॲपच्या पोटात, घेतला की त्याच्या सगळ्या सवयी आपल्याला लागतात.

आधी रस्ता ठरवा

विंडोजवर ॲपने स्कॅनरशी बोलायचे दोन जुने रस्ते आहेत. एक ट्वेन, जो १९९२ पासून आहे आणि अजूनही ऑफिसच्या मोठ्या फीडरवाल्या स्कॅनरचं सगळ्यात जास्त काही उघडून देतो, म्हणजे दोन्ही बाजू, कोरी पानं गाळणं, बारकोड वाचणं, वगैरे. दुसरा डब्ल्यूआयए, जो मायक्रोसॉफ्टने २००० साली विंडोज एमईसोबत आणला आणि व्हिस्टापासून त्याची २.० आवृत्ती आली. डब्ल्यूआयए सोपा आहे, सिस्टिममध्येच असतो, ३२-६४ बिटची भानगड नाही कारण ड्रायव्हर विंडोजच्या सर्व्हिसमध्ये चालतो आणि आपण त्याच्याशी लांबून बोलतो. घरातल्या ऑल-इन-वन प्रिंटरसाठी तो पुरतो. लिनक्सवर सेन आहे, मॅकवर ॲपलचं इमेजकॅप्चरकोअर. आणि गेल्या काही वर्षांतला नवा रस्ता म्हणजे ईएससीएल, ज्याला काही जण एअरस्कॅन म्हणतात, त्यात ड्रायव्हरच लागत नाही, नेटवर्कवरच्या स्कॅनरशी सरळ एचटीटीपीने, म्हणजे वेबसाइटशी बोलतो तसं, बोलायचं.

माझं मत विचाराल तर नवीन ॲप असेल तर ईएससीएल आधी बघा, मग डब्ल्यूआयए, आणि ट्वेन तेव्हाच जेव्हा समोरच्याकडे खरंच वेगवान फीडरवाला स्कॅनर आहे. पण ऑफिसवाले ग्राहक असतील तर ते ‘तेव्हाच’ रोजच येतं, त्यामुळे ट्वेनपासून सुटका नाही.

आणि हो, सगळं हाताने लिहायची हौस नसेल तर लिहू नका. डॉटनेटमध्ये असाल तर नॅप्स२ नावाच्या स्कॅनिंग ॲपचं एसडीके (आपल्या ॲपमध्ये जोडायचा लायब्ररीचा संच) आहे, ते वर सांगितलेले बहुतेक सगळे रस्ते एकाच छपराखाली देतं आणि ३२ बिट ट्वेनसाठी वेगळा वर्कर (स्कॅनरशी बोलणारा छोटा प्रोग्राम, खाली सांगतो) पण देतं. त्या एसडीकेचं लायसन्स एलजीपीएल आहे आणि मूळ ॲपचं जीपीएल, दोन्ही ओपन सोर्सच पण दोन्हीत फरक आहे, तो वाचून घ्या. फक्त ट्वेन हवं असेल तर एनट्वेन आहे. पैसे देऊन मिळणाऱ्या टूलकिट पण आहेत, डायनामसॉफ्ट, लीडटूल्स वगैरे, डेडलाइन डोक्यावर असेल तर त्यात कमीपणा काही नाही. पण लायब्ररी कुठलीही घ्या, खाली काय चाललंय हे माहीत असेल तरच ती अडल्यावर तुम्हाला काही करता येईल.

ड्रायव्हर वेगळ्या प्रोसेसमध्ये

एक छोटी एक्झी, म्हणजे वेगळा चालणारा प्रोग्राम, बनवा, तिला वर्कर म्हणू. तिचं काम एकच, स्कॅनरशी बोलायचं. तिला विंडो नाही, डेटाबेस नाही, लॉगिन नाही. ट्वेनसाठी ती ३२ बिटची बिल्ड करा कारण ६४ बिटच्या प्रोसेसमध्ये ३२ बिटचा ड्रायव्हर लोडच होत नाही, आणि जुन्या मशीनचे ड्रायव्हर बहुतेक ३२ बिटचेच मिळतात. कुठले ड्रायव्हर बसलेत ते बघायचं असेल तर विंडोजच्या फोल्डरमध्ये ट्वेन_३२ आणि ट्वेन_६४ अशी दोन फोल्डर असतात, त्यात डीएस एक्स्टेंशनच्या फाइली शोधा. दुसरं रिकामं किंवा गायबच असेल तर ६४ बिटचा ड्रायव्हर नाही असं समजा. दोन्ही भरलेली असतील तर तोच वर्कर ६४ बिटचा पण बिल्ड करून ठेवा आणि यादी दाखवताना दोघांना विचारा.

मुख्य ॲप ६४ बिटचं राहू दे. ॲप आणि वर्कर नेम्ड पाइपवर (दोन प्रोग्राममधली निरोपांची नळी) बोलतात, आणि त्या पाइपवरून चित्राचे बाइट पाठवू नका, फाइलचा पाथ पाठवा. पान आलं की वर्कर ते टेंप फोल्डरमध्ये लिहितो, मेमरी सोडून देतो आणि ‘पान ७ इथे आहे’ एवढंच सांगतो. म्हणजे चाळीस कागद काय, चारशे असले तरी मेमरीत एका वेळी एकच पान. ड्रायव्हर कोसळला तर वर्कर मरतो, ॲप जिवंत राहतं, आतापर्यंतची पानं डिस्कवर सुरक्षित असतात आणि वापरणाऱ्याला आपण शांतपणे सांगू शकतो की ३७ पानं आलीत, पुढची लावा.

इलेक्ट्रॉन, जावा, पायथन, क्यूटी, काहीही वापरत असाल तरी हेच चालतं, उलट जास्तच चालतं, कारण वर्कर कुठल्याही भाषेत असू शकतो.

वर्करला टाइमआउट हवा पण तो घाईचा नको. काही स्कॅनर झोपेतून उठून दिवा गरम करायला बराच वेळ घेतात, त्यामुळे पहिल्या पानाला मी दीड मिनिट देतो आणि पुढच्या पानांना त्याहून कमी. आणि वर्करला मधेच मारून टाकलं तर कधीकधी स्कॅनर स्वतः अडकून बसतो, पॉवर बंद-चालू केल्याशिवाय उठत नाही, म्हणून आधी सभ्यपणे रद्द करायला सांगा, थोडं थांबा, मगच मारा.

ट्वेनचा जिना

ट्वेनमध्ये तीन पात्रं: आपलं ॲप, मधला सोर्स मॅनेजर आणि पलीकडे सोर्स, म्हणजे ड्रायव्हर. सगळा कारभार एकाच फंक्शनमधून चालतो आणि प्रत्येक कॉलला तीन गोष्टी सांगायच्या असतात, कुठला ग्रुप, कुठला डेटा आणि काय करायचं. आणि सात स्टेट असतात. हे सात स्टेट म्हणजे जिना आहे असं समजा: एकवर काहीच नाही, दोनवर मॅनेजर लोड झाला, तीनवर उघडला, चारवर सोर्स उघडला, पाचवर सोर्स चालू केला, सहावर पान तयार आहे, सातवर पान येतंय. वर जाताना एकेक पायरी, उतरताना पण एकेक. उडी मारली की पडलात. मला भेटलेल्या ट्वेनच्या बग्सपैकी निम्म्याहून जास्त ‘उतरताना एक पायरी विसरली’ याच होत्या, आणि त्याचं लक्षण ठरलेलं: पहिल्यांदा स्कॅन होतं, दुसऱ्यांदा ‘स्कॅनर बिझी’ येतं.

सेटिंग करायची जागा चौथी पायरी. डीपीआय, रंग, कागदाचा आकार, फीडर की काच, दोन्ही बाजू, सगळं इथेच. आणि इथे ड्रायव्हर खोटं बोलतात. म्हणजे खोटं म्हणजे काय, तुम्ही ३०० मागितलं, तो म्हणतो बरं, आणि देतो २००. ट्वेनमध्ये यासाठी एक वेगळं उत्तर आहे, चेक स्टेटस, त्याचा अर्थ ‘घेतलं पण तू म्हणालास तसंच नाही’. बरेच जण फक्त सक्सेस की फेल्युअर एवढंच बघतात आणि हे निसटतं. म्हणून नियम एकच: सेट केलं की लगेच परत विचारा, आणि जे उत्तर आलं ते धरून पुढे चला, जे मागितलं होतं ते धरून नाही. काही ड्रायव्हरना क्रमाचं पण वेड असतं, मला असे भेटलेत ज्यांना आधी फीडर सांगितला नाही तर दोन्ही बाजूंचं सेटिंग मिळतच नाही, आणि आधी युनिट इंच न सांगता आकार दिला की पान कुठल्या तरी भलत्याच मापात कापून येतं. मी ठेवलेला क्रम असा, फीडर, मग दोन्ही बाजू, मग रंग, मग युनिट, मग डीपीआय, सगळ्यात शेवटी आकार.

ट्वेनचे स्ट्रक्चर, म्हणजे ड्रायव्हरशी देवाणघेवाण करायच्या माहितीचे साचे, हाताने लिहीत असाल तर विंडोजवर पॅकिंग (मेमरीत फील्ड किती बाइटच्या पटीत बसतात ते) २ बाइटचं असतं, कंपायलरच्या डीफॉल्टवर सोडलंत तर फील्ड सरकतात आणि स्कॅनरचं नाव अर्ध्यातून सुरू होतं. डीपीआय हा साधा फ्लोट नसतो, पूर्ण भाग वेगळा आणि अपूर्णांक वेगळा, तो ६५५३६ ने भागायचा.

पान घेण्याच्या मुख्य तीन पद्धती आहेत. नेटिव्ह, यात पूर्ण बिटमॅप मेमरीत येतो. फाइल, यात ड्रायव्हरच फाइल लिहितो पण ती पद्धत सगळ्यांना येत नाही. आणि मेमरी, यात पट्ट्या-पट्ट्यांनी डेटा येतो. सुरुवात नेटिव्हने करा, ती सगळ्यांना येते. मोठ्या आकाराचं किंवा ६०० डीपीआयचं काम असेल तर मेमरीवाली पद्धत लिहावीच लागेल, कारण ६०० ला ए४चं रंगीत पान १०० एमबीच्या वर जातं. नेटिव्हमध्ये जी मेमरी मिळते ती सोडायची जबाबदारी आपली असते, ड्रायव्हर सोडत नाही.

आता एक गंमत. प्रत्येक पान झालं की आपण ‘हे झालं’ म्हणून सांगतो आणि ड्रायव्हर सांगतो अजून किती बाकी आहेत. फीडरमध्ये किती कागद आहेत हे बऱ्याच स्कॅनरला माहीतच नसतं, तेव्हा तो उणे एक पाठवतो. पण ते फील्ड चिन्ह नसलेलं १६ बिटचं आहे, त्यामुळे आपल्याला दिसतं ६५५३५. माझ्या प्रोग्रेस बारवर एकदा ‘६५५३५ पैकी १’ असं झळकलं होतं आणि समोरच्या बाईंनी अगदी गंभीरपणे विचारलं, एवढा वेळ लागेल का हो? तेव्हा शून्य नसेल तर ‘अजून आहे’ एवढाच अर्थ घ्या, आकडा दाखवू नका.

ट्वेनला विंडोचं हँडल (तिची ओळख) आणि मेसेज लूप (विंडोजचे निरोप सतत घेत राहणारा कोड) लागतो. वर्करला दिसणारी विंडो नको, पण एक लपलेली विंडो आणि तिचा लूप हवाच, आणि सगळे कॉल त्याच एका थ्रेडवरून. कॉल एका थ्रेडवर, लूप दुसऱ्यावर, असं केलंत की ‘पान तयार’ हा निरोप येतच नाही आणि तुम्ही वाट बघत बसता. ड्रायव्हरचा स्वतःचा डायलॉग दाखवायचा असेल तर तो वर्करच्या प्रोसेसमधून उघडतो आणि कधीकधी मुख्य विंडोच्या मागे लपतो, मुख्य विंडोचं हँडल पॅरेंट म्हणून दिलं तर बहुतेक वेळा ठीक होतं. डायलॉग नको असेल तर तो बंद ठेवता येतो का हे आधी ड्रायव्हरला विचारा, काही जण नाही म्हणतात आणि तरीही डायलॉग दाखवतात.

डब्ल्यूआयएचं थोडं

याचा ऑटोमेशन लेयर, म्हणजे स्क्रिप्टमधून पण वापरता येणारा वरचा सोपा थर, इतका सोपा आहे की दहा ओळींत काम होतं. प्रॉपर्टी आकड्यांनी ओळखायच्या: ६१४६ म्हणजे रंगीत की ग्रे की काळं-पांढरं, ६१४७ आणि ६१४८ आडवं-उभं रिझोल्यूशन, ६१५१ आणि ६१५२ रुंदी-उंची, ती पण पिक्सेलमध्ये, म्हणून डीपीआय बदललं की ती परत मोजायची. ३०८८ मध्ये १ टाकलं की फीडर, २ टाकलं की काच, आणि ४ मिळवलं की दोन्ही बाजू.

फीडरचे कागद संपले की हा एरर देतो, हेक्समध्ये ८०२१०००३. नवीन माणूस घाबरतो, पण हा एरर म्हणजे ‘झालं सगळं’ एवढंच आहे, पहिलं पान येण्याआधी आला तर मात्र फीडर खरंच रिकामा आहे. त्याच आकड्याच्या शेवटी ३ ऐवजी २ असेल तर कागद अडकला, ५ असेल तर स्कॅनर ऑफलाइन, ६ असेल तर बिझी. हे चार तरी माणसाच्या भाषेत लिहा, हेक्स आकडा वापरणाऱ्याच्या तोंडावर फेकू नका, तो लॉगमध्ये ठेवा.

दुसरा सापळा: जेपीईजी मागितलं तरी बरेचदा बीएमपीच हातात येतो. ऑटोमेशन लेयर काही बोलत नाही, तुम्ही नाव डॉट जेपीजी देऊन सेव्ह करता, फाइल उघडते पण, कारण इमेज व्ह्यूअर पहिले बाइट बघून ओळखतात. मग कुणीतरी विचारतं की एका पानाची जेपीजी २६ एमबीची कशी. फॉरमॅट तपासा आणि स्वतः कन्व्हर्ट करा. फीडर आणि दोन्ही बाजू एकत्र हव्या असतील तर ऑटोमेशन लेयर सोडून २.० च्या मूळ इंटरफेसवर जा, तिथे पानांची संख्या शून्य दिली की सगळी पानं असा अर्थ होतो.

ईएससीएल, ड्रायव्हरशिवाय

हा मला सगळ्यात आवडतो कारण ब्राउझर आणि कर्लने (कमांड लाइनवरून वेबशी बोलणारं टूल) सुद्धा तपासता येतो. स्कॅनर एमडीएनएसवर (लोकल नेटवर्कवर एकमेकांना शोधायची पद्धत) यूस्कॅन या नावाने स्वतःची जाहिरात करत असतो, टीएलएसवाला, म्हणजे एन्क्रिप्ट करून बोलणारा, असेल तर यूस्कॅन्स. पत्ता मिळाला की आधी त्याच्या कपॅबिलिटीजची एक्सएमएल आणा, त्यात कुठले डीपीआय, कुठले रंग, फीडर आहे का, सगळं लिहिलेलं असतं. मग जॉबची एक्सएमएल पोस्ट करा. सगळं ठीक असेल तर २०१ येतो आणि लोकेशन हेडरमध्ये जॉबचा पत्ता. त्या पत्त्याला नेक्स्ट डॉक्युमेंट जोडून गेट करत राहायचं, प्रत्येक वेळी एक पान, आणि ४०४ आला की पानं संपली. ५०३ आला तर तो अजून तयार नाही, जरा थांबून परत विचारा, लगेच हार मानू नका.

मापं इथे इंचाच्या ३०० व्या भागात असतात, डीपीआय काहीही असो. म्हणजे ए४ साठी २४८० आणि ३५०८ च, ६०० डीपीआय मागितलं तरी. लोक इथे डीपीआयने गुणतात आणि मग स्कॅनर ४०९ देतो किंवा अख्खा पट्टा पांढरा येतो.

एमडीएनएस यूडीपीच्या ५३५३ पोर्टवर चालतं आणि ऑफिसच्या नेटवर्कमध्ये ते हमखास अडवलेलं असतं, त्यामुळे ‘आयपी ॲड्रेस हाताने टाका’ असा बॉक्स द्याच. तसंच निवडलेला स्कॅनर लक्षात ठेवताना आयपी साठवू नका, तो बदलतो, जाहिरातीत येणारा यूयूआयडी, म्हणजे त्या स्कॅनरचा न बदलणारा ओळख क्रमांक, साठवा. टीएलएसवाल्यांचं सर्टिफिकेट बहुधा स्वतःच सही केलेलं असतं, त्याला काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा.

लिनक्सवाल्यांनी सेनचं एपीआय वापरा, छोटंसं आहे, उघडा, ऑप्शन सेट करा, स्टार्ट, रीड करत राहा, कॅन्सल, बंद. फीडर संपला की स्टार्टच सांगतो की कागद नाहीत. नवे नेटवर्क स्कॅनर सेन-एअरस्कॅन या बॅकएंडमुळे (सेनमधला ड्रायव्हरसारखा भाग) तिथेच दिसतात, त्यामुळे ईएससीएल वेगळं लिहायची गरज पडत नाही. मॅकवर डिव्हाइस ब्राउझर आणि स्कॅनर डिव्हाइस असे क्लास आहेत, सगळं डेलिगेटवर (काही घडलं की कळवलं जाणारा आपला ऑब्जेक्ट) चालतं, त्यात मला सांगण्यासारखा त्रास झाला नाही.

पान आलं, पुढे काय

काळं-पांढरं स्कॅन पहिल्यांदा उघडलं तेव्हा अक्षरं अशी तिरकी घसरत गेलेली, जणू कुणी पान कोपऱ्याला धरून ओढलंय. मला वाटलं फीडरच वाकडा घेतोय, तीन वेळा कागद नीट लावून बघितला. चूक माझी होती. बिटमॅपची प्रत्येक ओळ ४ बाइटच्या पटीत असते. २४८० पिक्सेल, १ बिटचे, म्हणजे ३१० बाइट, आणि ३१० ला ४ ने भाग जात नाही म्हणून ओळ ३१२ ची. मी ३१० नी पुढे सरकत होतो, म्हणजे दर ओळीला २ बाइट, १६ पिक्सेल मागे. रंगीत पानात ७४४० बाइट होतात, त्याला भाग जातो, म्हणून रंगीत टेस्टमध्ये हे कधीच दिसलं नाही. शिवाय बिटमॅप सहसा खालून वर असतो, तो उलटा दिसला तर दचकू नका.

डीपीआय फाइलमध्ये लिहायला विसरू नका. न लिहिल्यास पुढचं सॉफ्टवेअर ९६ धरतं आणि तुमचं ए४ पान जवळपास २६ इंच रुंद होतं. पीडीएफ बनवताना पानाचा आकार पिक्सेल भागिले डीपीआय गुणिले ७२, ए४ ला साधारण ५९५ बाय ८४२ यायला हवं. आणि जेपीईजी असेल तर ती पीडीएफमध्ये जशीच्या तशी ठेवता येते, उघडून परत दाबू नका, दरवेळी दर्जा उतरतो. नुसता मजकूर असलेली काळी-पांढरी पानं ग्रुप ४ कॉम्प्रेशनने (काळ्या-पांढऱ्यासाठीचं, दर्जा न घालवणारं) ठेवा, साधारण १ एमबीचं पान काही दहा केबींवर येतं, आणि जेपीईजीसारखी अक्षरांभोवती धूळ पण दिसत नाही.

ओसीआर, म्हणजे चित्रातून मजकूर काढणं, करायचं असेल तर टेसरॅक्ट हे सॉफ्टवेअर आहे, मराठीसाठी त्याचा वेगळा भाषा डेटा मिळतो. ३०० डीपीआय द्या, पान सरळ करून द्या. देवनागरीची शिरोरेषा पान जरा तिरकं असलं तरी गडबड करते, त्यामुळे सरळ करण्याची पायरी इंग्रजी कागदांपेक्षा इथे जास्त लागते.

कोरी पानं गाळताना जरा जपून. पद्धत सोपी आहे, कडा सोडून आतल्या भागात गडद पिक्सेल किती टक्के ते मोजा, अमुक टक्क्यांखाली असेल तर कोरं. कडा सोडायच्या कारण फीडरच्या सावल्या तिथे पडतात. पण कोपऱ्यात एकच छोटी सही असलेलं पान माझ्या कोडने कोरं म्हणून फेकलं होतं, आणि कागदाच्या त्या बाजूची किंमत सहीमुळेच होती. तेव्हापासून मी कोरी पानं काढत नाही, फिकी करून दाखवतो आणि माणसाला ठरवू देतो.

माणसासाठी

कागद अडकणारच. तेव्हा आलेली पानं टिकवा, ‘शेवटचं नीट आलेलं पान हे’ असं चित्र दाखवा आणि तिथून पुढे जोडू द्या. एक पान परत स्कॅन करणं, मधे घालणं, फिरवणं, क्रम बदलणं, ही चार बटणं फॅन्सी फिल्टरपेक्षा दहापट वापरली जातात.

दोन्ही बाजू न करता येणारा फीडर असेल तर एक छोटं फीचर लोकांना फार आवडतं. आधी सगळ्या पुढच्या बाजू, मग गठ्ठा तसाच पालथा घालून मागच्या बाजू. मागच्या उलट क्रमाने येतात, म्हणजे दहा कागद असतील तर पहिल्यांदा दहाव्याची पाठ. दुसरी यादी उलटी करून एकाआड एक लावली की झालं. फक्त दोन्ही याद्यांची संख्या सारखी आहे का ते आधी बघा, दोन कागद एकत्र खेचले गेले असतील तर इथेच कळतं.

टेस्टिंगसाठी दरवेळी खरा स्कॅनर लागत नाही. ट्वेन वर्किंग ग्रुपचा एक नुसता सॉफ्टवेअरमधला स्कॅनर आहे, आणि सेनमध्ये टेस्ट नावाचा बॅकएंडच आहे, दोन्ही बिल्ड मशीनवर चालवा. पण रिलीजआधी खऱ्या मशीनवर वाईट कागद टाका, चुरगळलेला, लांब पावती, पिना काढलेल्या खुणांचा, आणि मधेच झाकण उघडा, मधेच यूएसबीची वायर उपटा. माझ्याकडे यासाठी एक ठरलेला फाटका गठ्ठा आहे.

लॉगमध्ये चार गोष्टी हव्यातच: ड्रायव्हरचं नाव, त्याची आवृत्ती, आपण काय मागितलं आणि त्याने काय दिलं. ‘स्कॅन होत नाही’ असा फोन आला की पहिला अर्धा तास नाहीतर याच चार गोष्टी विचारण्यात जातो. लॉगमध्ये पानांची चित्रं मात्र नकोत.

आणि टेंप फोल्डर. वर्कर तिथे लोकांची ओळखपत्रं, सह्या, बँकेची कागदपत्रं लिहीत असतो. सेव्ह झालं की पुसा, रद्द केलं की पुसा, आणि वर्कर मेला असेल तर पुढच्या वेळी ॲप उघडताना आधी विचारा की अर्धवट राहिलेली ३७ पानं परत हवीत का, नको म्हणाले की तिथल्या तिथे पुसा.